शनिवार रात्र ते सोमवार सकाळ: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेलेली दृष्टी आणि कायद्याचे मार्ग

प्रश्न: मी ऐरोलीत राहते. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत आणि ठाण्याच्या बाजारपेठेत त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. चौदा महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, ठाण्यातील एका खासगी नेत्र रुग्णालयात त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा सगळे ठीक होते. शनिवारी रात्री डोळा ठणकू लागला, लालभडक झाला आणि धूसर दिसू लागले. मी रुग्णालयात तीन वेळा फोन केला. ‘असे होतेच, थेंब चालू ठेवा आणि सोमवारी ओपीडीत या,’ एवढेच उत्तर मिळाले. डॉक्टरांशी बोलणे करून दिले नाही. सोमवारी डॉक्टरांनी डोळ्यात पू झाल्याचे सांगून मुंबईतील मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे डोळ्यात इंजेक्शने दिली, पुन्हा शस्त्रक्रिया केली, पण आता त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. ठाण्याचे रुग्णालय म्हणते की हा ज्ञात धोका आहे आणि संमतीपत्रावर वडिलांची सही आहे. एका कागदावर सही केल्यास शस्त्रक्रियेचे ४२ हजार रुपये परत देण्याचीही त्यांची तयारी आहे. नातेवाईक पोलिसांत जा म्हणतात. आम्ही काय करावे? वडिलांच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण ते आता कोणत्याही डॉक्टरकडे जायला तयार नाहीत.

उत्तर:

ताई, सर्वप्रथम एक विनंती करते. त्या कागदावर वडिलांनी सही करू नये आणि तुम्हीही करू नये. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘सदर रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत असून यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असे वाक्य आहे. त्याखाली सही झाली की पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद तुमच्यापुढे धरला जाईल आणि ती सही कोणत्या परिस्थितीत झाली हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येईल. तडजोड करणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. ग्राहक आयोगातही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची तरतूद आहे आणि तेथे सन्मानाने तडजोडी होतात. परंतु नुकसान किती झाले हे मोजण्याआधीच त्याची किंमत मान्य करू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे, ज्याला डॉक्टर एंडोप्थॅल्मायटिस म्हणतात, ही दुर्मीळ असली तरी जगभर माहीत असलेली गुंतागुंत आहे आणि सर्व काळजी घेऊनही ती कधीकधी होते. त्यामुळे ‘संसर्ग झाला, म्हणजे निष्काळजीपणा झाला’ एवढ्यावर कोणताही आयोग तुमच्या बाजूने निकाल देणार नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने तशा परिस्थितीत जे केले असते ते येथे झाले की नाही, हीच कायद्याची कसोटी आहे. म्हणून गुरुवारच्या शस्त्रक्रियेपेक्षा शनिवार रात्र ते सोमवार सकाळ हा काळ तुमच्या प्रकरणात जास्त महत्त्वाचा ठरतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत डोळा ठणकणे, लाल होणे आणि दृष्टी घटणे ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर रुग्णाला त्याच दिवशी तपासले पाहिजे, कारण डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास जितका उशीर होतो तितकी दृष्टी वाचण्याची शक्यता कमी होते. नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवलेले असते. तुम्ही तीन वेळा फोन करून नेमकी हीच लक्षणे सांगितली आणि तरीही रुग्णालयाने तुम्हाला दीड दिवस घरी थांबायला लावले. रुग्णालयाला उत्तर द्यायचे आहे ते याचे, आणि ‘ज्ञात धोका’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. धोका ज्ञात होता, तर त्याची लक्षणे कानावर पडताच जागे होण्याची जबाबदारीही ज्ञात होती.

संमतीपत्राने घाबरून जाऊ नका. रुग्ण धोक्याला संमती देतो. धोका उद्भवल्यावर होणाऱ्या दुर्लक्षाला तो संमती देत नसतो. शिवाय खरी संमती कोणती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितले आहे: उपचाराचे स्वरूप, त्यातील मोठे धोके आणि उपलब्ध पर्याय रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगून घेतलेली संमती. तुम्ही पाठवलेल्या फोटोतील संमतीपत्र मी मोठे करून पाहिले. सगळा मजकूर इंग्रजीत छापलेला आहे, साक्षीदाराची जागा कोरी आहे आणि वडिलांची सही ओळ सोडून खाली घसरत जाऊन छापील अक्षरांवर चढली आहे. तुम्ही लिहिता की बाहुली मोठी करण्याचे थेंब डोळ्यात घातल्यानंतर, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर ही सही घेतली गेली. ज्या माणसाच्या एका डोळ्यात थेंब आणि दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, त्याला इंग्रजीतील बारीक छपाई वाचायला लावणे म्हणजे समजावून सांगणे नव्हे. हे सगळे वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्याच शब्दांत यायला हवे.

दृष्टी गेल्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा एक निकाल तुमच्या वकिलांनी जरूर पुढे ठेवावा. व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तमिळनाडू राज्य हे ते प्रकरण आहे. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली. अशा बाळांच्या दृष्टिपटलाला होणारा आजार काही आठवड्यांच्या आत तपासला तर दृष्टी वाचू शकते, पण ती तपासणी झालीच नाही, पालकांना तसे कोणी सांगितलेही नाही आणि मुलगी आंधळी झाली. त्या आजारासाठी कोणी डॉक्टरांना जबाबदार धरले नाही. वेळेत तपासणी न करणे हा दोष मानला गेला आणि न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई ठरवली. २०१९ मध्ये दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयाच्या अशाच प्रकरणात ७६ लाख रुपये देण्यात आले. हे आकडे वाचून तेवढी अपेक्षा धरू नका. तेथे बाळाच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब होता. मात्र दृष्टी वाचवता येण्याचा काळ ठरावीक असतो आणि तो हातचा जाऊ देणे हाच निष्काळजीपणा आहे, हे तत्त्व तुमच्या वडिलांनाही तंतोतंत लागू पडते.

म्हणून आजच बसून एक तक्ता करा. शनिवारी डोळा पहिल्यांदा कधी दुखला, पहिला फोन किती वाजता केला, कोणी उचलला, तुम्ही कोणते शब्द वापरले आणि समोरून काय सांगण्यात आले, हे फोनमधील कॉलच्या नोंदी समोर ठेवून लिहा. त्या नोंदींचे फोटो आत्ताच काढून ठेवा, कारण चौदा महिन्यांत फोन बदलला तर त्या जातात. मोबाइल कंपनीकडे त्या महिन्याच्या कॉलचा तपशील लेखी मागा. न मिळाल्यास तो मागवण्याची विनंती आयोगाला करता येते. त्या रात्री तुम्ही बहिणीला लाल डोळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता असे लिहिता. तो संदेश पुसू नका आणि तो मूळ फोनही विकू नका, कारण त्या फोटोवरची वेळ तुमच्या बाजूने बोलणारी आहे. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. वकील ते करून देतील.

याच तक्त्याचे दुसरे टोक मुंबईच्या रुग्णालयाच्या कागदांत आहे. सोमवारी तेथे दाखल करून घेताना डोळ्याला किती दिसत होते, आत पू किती होता, लक्षणे केव्हापासून असल्याची नोंद केली गेली आणि डोळ्यातील द्रावाच्या तपासणीत कोणते जंतू सापडले, हे तेथील डॉक्टरांनी कोणताही वाद डोळ्यांसमोर नसताना लिहिलेले असते. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत सर्वांत वजनदार कागद हाच ठरतो. फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, संपूर्ण केसपेपर मागा.

ठाण्याच्या रुग्णालयाकडेही लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात आणि ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण मुबलक नाही. अर्जावर वडिलांची सही घ्या, तुमच्या नावाचे अधिकारपत्र जोडा, एका प्रतीवर रुग्णालयाच्या शिक्क्यासह पोच घ्या आणि शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. शस्त्रक्रियेची नोंद, बसवलेल्या लेन्सचे स्टिकर, शुक्रवारच्या तपासणीचा कागद, संमतीपत्राची प्रत आणि सोमवारी दिलेली चिठ्ठी, असे एकेका कागदाचे नाव घालून मागा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले की दोन पाने हातात पडतात. त्या दिवशीच्या निर्जंतुकीकरणाची नोंदवही आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या इतर रुग्णांपैकी कोणाला संसर्ग झाला का ही माहिती रुग्णालय आपणहून देणार नाही. ती मागवण्यासाठी पुढे आयोगाकडे वेगळा अर्ज करावा. एकाच दिवशी अनेकांना संसर्ग झाला असेल तर प्रकरणाचे रूपच बदलते. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे १९८६ च्या नेत्रशिबिरात ८४ जणांचे शस्त्रक्रिया केलेले डोळे गेले आणि शस्त्रक्रियेत वापरलेल्या सलाईनकडे बोट गेले, ते इतके जण एकदम बाधित झाल्यामुळेच.

तक्रार कोठे करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ग्राहक आयोगात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आल्यावर डॉक्टरांची सेवा त्यातून वगळली गेली, असा युक्तिवाद झाला होता; तो आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. नव्या कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही ४२ हजार दिले आहेत, तेव्हा भरपाई वीस लाख मागितली तरी जिल्हा आयोगातच जायचे आहे आणि एक रुपयाही फी नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगातही तक्रार करता येते, म्हणून ऐरोलीचा पत्ता चालतो. तक्रारदार मात्र वडीलच असतील. तुम्ही त्यांच्या प्रतिनिधी म्हणून उभ्या राहू शकता. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, आणि प्राथमिक विचारणेसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मुदत दोन वर्षांची आहे. तुमचे चौदा महिने गेले, दहा उरले. उशीर माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर कृपा करून राहू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहिले या आपल्याच राज्यातील एका तक्रारीत, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे रुग्णाने दुखण्याची पुरेशी चौकशी केली नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली.

तक्रारीत डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही प्रतिवादी करा. फोनवर बोलणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, ती रिसेप्शनवरची मुलगी होती, असे रुग्णालय म्हणेल. म्हणू द्या. आपल्या माणसांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयाची असते हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात नि:संदिग्धपणे सांगितले आहे, आणि तातडीच्या लक्षणांवर रिसेप्शनवरून वैद्यकीय सल्ला दिला जातो व रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, ही व्यवस्थेतीलच त्रुटी आहे. डॉक्टरांचा व्यावसायिक दायित्वाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही सामील करावे. भरपाईचा आदेश झाल्यावर पैसे हाती येण्यास त्याने मदत होते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत हवेच असे नाही, हे २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात ठरले आहे. तरीही एखाद्या अनुभवी नेत्रतज्ज्ञाचे लेखी मत मिळाले तर अवश्य जोडा. मत मागताना ‘रुग्णालय दोषी आहे का’ असे विचारू नका, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध तसे लिहायला कचरतात. ‘शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी अशी लक्षणे कळवल्यास रुग्णाला किती वेळात तपासले पाहिजे’ एवढेच विचारा. या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिक डॉक्टर निर्धास्तपणे लिहून देतो.

भरपाईच्या हिशेबाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे कुटुंबे स्वतःचेच नुकसान करून घेतात. दवाखान्याची बिले सगळे जोडतात आणि गेलेली कमाई मात्र एका ओळीत उरकतात. सरकारी नियमांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरले जाते, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागते. तुमचे वडील उजव्या डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढा स्क्रू चिमट्याने जागेवर बसवणारे कारागीर आहेत. दोन्ही डोळे मिळून जी खोली कळते ती आता त्यांना कळत नाही, आणि ज्या डोळ्याला भिंग लावण्याची आयुष्यभराची सवय होती तोच डोळा गेला आहे. कागदावर ३० टक्के असलेले हे नुकसान त्यांच्या धंद्यापुरते जवळजवळ संपूर्ण आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भरपाई दुसरीवर ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सांगितले. तोच युक्तिवाद येथे करायला हवा.

पुरावा म्हणून तुम्ही उल्लेख केलेली दुकानातील वही बाहेर काढा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची तारीख, गिऱ्हाईकाचे नाव आणि ठरलेली रक्कम तीत वडिलांच्या अक्षरात आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पानांवर फक्त सेल आणि पट्टे बदलल्याच्या नोंदी उरल्या आहेत. ही पाने वर्षनिहाय झेरॉक्स करून जोडा. त्यासोबत बँकेचे उतारे, दुकानाचा परवाना आणि दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रे द्या. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही काढून ठेवा. त्यावरचा आकडा लहान असला तरी दृष्टी कायमची गेल्याचा तो सरकारी पुरावा आहे.

पोलिसांत जाण्याबद्दल. घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू होते. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही तिच्यात गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजीपणाने ती घडवल्यास कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालानुसार डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अत्यंत ढोबळ असावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, डॉक्टरांचे मत घ्यावे लागते. ते मत तुमच्या विरुद्ध गेले तर रुग्णालय तेच आयोगात दाखवील. शिवाय त्या मार्गाने वडिलांच्या हाती पैसे येत नाहीत. त्यामुळे सुरुवात तेथून करू नये असे माझे मत आहे. निर्जंतुकीकरणाच्या नोंदींतून काही भयंकर बाहेर आले तर फेरविचार करता येईल. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे मात्र तक्रार करता येते. परिषद भरपाई देत नाही, पण डॉक्टरांना ताकीद देऊ शकते किंवा त्यांची नोंदणी निलंबित करू शकते. आणि तुमच्या भावाला सांगा की रुग्णालयात जाऊन आरडाओरडा किंवा मोडतोड मुळीच करू नये; महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तसे काही घडले तर तुमची खरी बाजू त्याखाली गाडली जाईल.

वेळेविषयी खोटी आशा लावत नाही. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असे आहे, प्रत्यक्षात काही वर्षे धरून चाला. रुग्णालयाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोग मुदत देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये ठरवले असल्याने ती तारीख डोळ्यांत तेल घालून पाहा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि रुग्णालय राज्य आयोगात अपिलात गेले, तर त्यांना आधी निम्मी रक्कम भरावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वडिलांच्या नावाने अर्ज करा. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

डाव्या डोळ्याची काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे, पण मला ती पहिल्या क्रमांकाची वाटते. वडिलांची भीती खरी आहे आणि त्यांना घाई करू नका. मात्र मोतीबिंदू फार पिकू दिला तर शस्त्रक्रिया अधिक अवघड होते, आणि आता त्यांचा तोच एक डोळा आहे. पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेचा विषय न काढता केवळ तपासणीसाठी, शक्य असल्यास मुंबईच्या त्याच मोठ्या रुग्णालयात, ज्यांनी त्यांना नीट वागवले असे तुम्ही लिहिता, त्यांना घेऊन जा. उजव्या डोळ्याच्या सर्व कागदांची प्रत, विशेषतः कोणते जंतू सापडले तो अहवाल, सोबत न्या, म्हणजे तेथील डॉक्टर डाव्या डोळ्यासाठी कोणती जास्तीची खबरदारी घ्यायची ते आधीच ठरवू शकतील. आणि पुढे शस्त्रक्रिया ठरलीच, तर संमतीपत्र आदल्या दिवशी मराठीत घरी मागून घ्या, वडिलांना सावकाश वाचून दाखवा आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांशी थेट बोलता येईल असा फोन क्रमांक त्यावर लिहून घेतल्यावरच त्यांची सही होऊ द्या.